एकटी निघा, पण सांगून निघा



मध्यंतरी मी बेंगळुरूहून एकटीच गोकर्णला गेले होते. दोनच रात्रींची ट्रिप. घरी इंदूरला आईला मात्र सांगितलं, "ऑफिसच्या मैत्रिणी आहेत बरोबर." दुसऱ्या दिवशी दुपारी फोन पाण्यात पडला आणि बंद झाला. संध्याकाळपर्यंत त्याचं काही वाटलं नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर एकदम लक्षात आलं, मी नेमकी कुठे आहे हे माझ्या माणसांपैकी कुणालाच माहीत नाही.

सकाळी एका दुकानदाराच्या फोनवरून आईला फोन लावला. वाटलं, आता चांगलीच बोलणी बसणार. आई शांतपणे म्हणाली, "एकटी गेलीस त्याचं काही नाही गं. पण मी शोधायला कुठे आले असते?"

हे वाक्य डोक्यात असतानाच मी अमेरिकेतल्या एका वेगळ्याच छंदाबद्दल वाचत होते. तिथे अनेक बायका पिकअप गाडीच्या मागे ट्रेलर जोडतात, त्यात एक-दोन घोडे चढवतात आणि थेट जंगलात मुक्कामाला जातात. दिवसभर घोड्यावरून रानवाटा फिरायच्या आणि रात्री तंबूत किंवा ट्रेलरमध्येच झोपायचं. कित्येकजणी एकट्या जातात. मी आयुष्यात एकदाच घोड्यावर बसलेय, तेही माथेरानला, घोडेवाल्या काकांनी लगाम धरलेला असताना! त्यामुळे मला वाटलं, या बायका भलत्याच बिनधास्त असणार. वाचत गेले तशा त्या मला माझ्या आईसारख्या वाटायला लागल्या. निघण्यापूर्वी गॅस तीनदा तपासणाऱ्या.

निघण्याआधी

ट्रेलरचे टायर दिसायला नवे असले तरी पाच-सहा वर्षांनी बदलायचे, कारण उभ्या उभ्याही रबर जुनं होतं. चाकांचे बेअरिंग आणि ब्रेक तपासायचे. आतली रबरी मॅट उचलून खालच्या फळ्या बघायच्या. घोड्याच्या मुतानं लाकूड कुजतं आणि वरून काही कळत नाही. दुसऱ्या राज्यात जायचं तर घोड्याच्या रक्ततपासणीचा आणि पशुवैद्याचा दाखला लागतो. पश्चिमेकडच्या बऱ्याच सरकारी जंगलांत चाराही तणाचं बी नसलेला, प्रमाणित केलेलाच न्यावा लागतो.

रस्त्यावर

एकच घोडा असेल तर तो ट्रेलरच्या डाव्या बाजूला उभा करतात. तिकडे गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात आणि रस्ता कडेला उतरता असतो, म्हणून वजन मधल्या बाजूला ठेवायचं. चढवताना आधी मागचा अडसर लावायचा आणि मग घोडा बांधायचा. उतरवताना उलट: आधी दोर सोडायचा, मग अडसर काढायचा. हा क्रम चुकला तर बांधलेला घोडा मागे रेटतो, दोराला हिसका बसतो आणि तो बिथरतो. साडेचारशे-पाचशे किलोचं जनावर बिथरल्यावर एकटी बाई काय करणार?

दर तीन-चार तासांनी थांबून घोड्यांना पाणी दाखवायचं. घोड्याला दिवसाला साधारण २० ते ४० लिटर पाणी लागतं, आणि त्यात हे महाशय चोखंदळ! नव्या ठिकाणच्या पाण्याचा वास वेगळा आला तर तोंड लावत नाहीत. पाणी कमी पडलं तर पोटशूळ उठू शकतो, आणि घोड्याचा पोटशूळ जिवावर बेतू शकतो. म्हणून कुणी घरचं पाणी भरून नेतं, तर कुणी त्यात थोडा सफरचंदाचा रस मिसळतं.

मुक्कामाला

काही ठिकाणी घोड्यांसाठी कुंपण घातलेली जागा असते. नसेल तिथे दोन झाडांमध्ये डोक्याच्या वर दोर ताणतात आणि त्याला घोडे बांधतात. सालीला इजा होऊ नये म्हणून झाडाभोवती आधी रुंद पट्टे गुंडाळायचे. सकाळी तिथली लीद आवरायची.

आता मला सगळ्यात आवडलेला नियम. फोन खोगिराच्या पिशवीत ठेवायचा नाही, स्वतःच्या अंगावर ठेवायचा. घोडा बुजला आणि तुम्ही खाली पडलात, तर घोडा पळून जाईल आणि फोनही त्याच्याबरोबर जाईल. घोड्याच्या म्होरकीला मात्र आपला नंबर लिहिलेला बिल्ला अडकवायचा. रानात रेंज नसते, म्हणून बऱ्याचजणी सॅटेलाइटवरून निरोप पाठवणारं छोटं यंत्र जवळ बाळगतात.

आणि घरी एक कागद ठेवून जायचं. कुठला रस्ता, कुठला मुक्काम, गाडीचा आणि ट्रेलरचा नंबर, घोड्यांचे फोटो. शेवटी एक ओळ: अमुक वाजेपर्यंत माझा निरोप आला नाही, तर अमक्या ठिकाणी कळवा. असाच एक कागद गाडीत असतो. मी दवाखान्यात असेन तर घोड्यांना कुणी न्यायचं, ते त्यात लिहिलेलं असतं.

१९५४ साली ॲनी विल्किन्स नावाची ६३ वर्षांची बाई मेन राज्यातून घोड्यावर निघाली. डॉक्टरांनी दोन वर्षांचीच आशा दिली होती. बरोबर टारझन नावाचा घोडा आणि एक लहानसा कुत्रा. ट्रेलर नाही, नकाशाही नाही. तरी ती कॅलिफोर्नियाला पोचली आणि पुढे १९८० पर्यंत जगली. पण तिच्या वाटेवरच्या गावांना वर्तमानपत्रांतून तिची खबर आधीच लागत होती, आणि अनोळखी लोक तिला नि टारझनला रात्रीपुरता आसरा देत होते. ती एकटी होती, पण कुठे आहे ते लोकांना माहीत होतं.

मग आपण घरी का सांगत नाही? कारण आपल्याकडे सांगणं म्हणजे परवानगी मागणं. "मी जातेय" म्हटलं की समोरून "कशाला?" येतं. म्हणून हे वाचणाऱ्या सगळ्या आयांना एक विनंती. मुलगी एकटी निघाली तर "कशाला" ऐवजी "कुठे, आणि कधी फोन करशील" एवढंच विचारा. सांगितलं की अडवतात हे एकदा कळलं, की मुली जायच्या थांबत नाहीत, सांगायच्या थांबतात. माझंच बघा ना.

पुढच्या महिन्यात मी हंपीला जातेय, एकटीच. या वेळी आईला बसचा नंबर, राहण्याचा पत्ता आणि रात्री नऊची वेळ लिहून पाठवली. तिनं लगेच उत्तर दिलं, "सव्वानऊपर्यंत वाट बघेन." मग थोड्या वेळानं आणखी एक मेसेज आला: "टोपी घे. ऊन फार असतं तिकडे."

तुमच्या पुढच्या प्रवासाचा कागद कुणाच्या हातात असेल?