दुष्काळाच्या माथी

दुष्काळ हा आमच्या जिल्ह्यात मोठा सोयीचा शब्द आहे. तो उच्चारला की कोणालाच जाब द्यावा लागत नाही. २०२४ साली नगरचे अहिल्यानगर झाले. ज्यांच्या नावाने झाले त्या चौंडीच्या अहिल्याबाई विहिरी, बारवा आणि घाटांसाठी देशभर स्मरल्या जातात. त्यांच्या नावाच्या शहरात नळाला पाणी येते ते बहुतेक भागांत दिवसाआड.

१४९० मध्ये मलिक अहमदाने सीनाकाठी हे शहर वसविले, तेव्हाही हा प्रदेश पर्जन्यछायेतच होता. म्हणून तर निजामशाहीने कापूरवाडी, वडगाव, शेंडी अशा गावांकडून जमिनीखालून खापरी नळ आणले. पाणी नुसत्या उताराने शहरात येई. फराहबक्ष महाल तर तलावाच्या मधोमध उभारला. (ती चैन शाही होती, रयतेला त्यातले किती मिळाले हा प्रश्न वेगळा.) एकोणिसाव्या शतकातही त्यांतले काही नळ शहराला पाणी पुरवीत होते.

आजचे पाणी मुळा धरणातून येते, आणि ते उपसून, विळद ओलांडून वसंत टेकडीवर चढवावे लागते. वीज गेली की पंप थांबतात, टाक्या रित्या राहतात, सारे वेळापत्रक एक दिवस पुढे सरकते. जलवाहिनी फुटली तरी तेच. यात पावसाचा संबंध कुठे येतो? धरण काठोकाठ भरलेले असतानाही हेच घडते.

साधे गणित मांडू. शहराची वस्ती २०११ च्या जनगणनेत साडेतीन लाख होती. आज ती पाच लाख धरली आणि माणशी रोजचे १३५ लिटर हा सरकारी निकष लावला, तरी वर्षाची गरज एका टीएमसीच्या आतच राहते. मुळा धरणाची क्षमता आहे २६ टीएमसी! २०१६ साली लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. त्याला दुष्काळ म्हणावे. आमच्याकडे आटले आहे ते धरण नव्हे. तरीही जायकवाडीला पाणी सोडण्याचा वाद पेटला की उसाच्या कैवाऱ्यांना शहराची तहान नेमकी आठवते.

याच नगर तालुक्यातले हिवरे बाजार दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून पिके ठरविते. महापालिकेने निदान तीन आकडे दर महिन्याला चौकात लावावेत: धरणातून किती उचलले, वसंत टेकडीवर किती पोहोचले, घरांत किती उतरले. मग दुष्काळ कोणत्या टप्प्यावर पडतो ते पाहू.