मालकांचा ‘समाजवाद’ आणि नवख्या खेळाडूंची वाटणी

भांडवलशाहीच्या माहेरघरात समाजवाद नांदत असल्याची वार्ता अमेरिकी वृत्तपत्रे दरवर्षी एप्रिल महिन्यात मोठ्या कौतुकाने छापतात. निमित्त असते ते तेथील व्यावसायिक फुटबॉलचे. हा आपल्याकडचा फुटबॉल नव्हे. शिरस्त्राणे व चिलखते चढवून, लंबगोल चेंडूसाठी अंगावर अंग आदळण्याचा तो खेळ आहे. त्याच्या ‘नॅशनल फुटबॉल लीग’मध्ये ३२ संघ आहेत. एप्रिलच्या अखेरीस हे संघ महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या सुमारे अडीचशे खेळाडूंची सात फेऱ्यांमध्ये आपसांत वाटणी करून घेतात. गेल्या हंगामात जो संघ सर्वांत मागे राहिला त्याने आधी निवड करावी, विजेत्याने सर्वांत शेवटी, असा नियम आहे. या वाटणीला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. सक्तीच्या लष्करी भरतीलाही इंग्रजीत हाच शब्द आहे, हा योगायोग अर्थपूर्ण आहे.

दुबळ्याला प्रथम घास, म्हणजे समताच नव्हे काय? क्लीव्हलंड संघाचे मालक आर्ट मॉडेल यांनी तर आपण मालक मंडळी रिपब्लिकन असूनही मते मात्र समाजवादी देतो, असा विनोद केला होता. तो इतका लोकप्रिय झाला की आज गंभीर चेहऱ्याचे भाष्यकारही तो सिद्धांत म्हणून सांगतात. विनोदाचा समाचार घेणे अरसिकपणाचे मानले जाते. परंतु या विनोदाआड जे झाकले जाते ते पाहता तेवढा अरसिकपणा पत्करलाच पाहिजे.

वस्तुस्थिती काय आहे? ज्या संघाने खेळाडूचे नाव पुकारले त्या एका संघाशीच त्याला बोलणी करता येतात. उरलेल्या ३१ मालकांनी त्याच्याशी बोलायचे नाही, हा मालकांचा आपसांतील करार आहे. नाक्यावर उभा राहणारा बिगारीसुद्धा एका मुकादमाचा दर पटला नाही तर दुसऱ्याकडे वळतो. या नवख्या खेळाडूला ती मुभा नाही. फार तर त्याने वर्षभर घरी बसावे आणि पुढील वर्षीच्या वाटणीत पुन्हा उभे राहावे. गंमत अशी की सातही फेऱ्यांत ज्याचे नाव कोणीच घेत नाही, त्याला मात्र वाटेल त्या संघाशी करार करता येतो. म्हणजे कोणालाच नको असलेल्या माणसाला मालक निवडण्याचे स्वातंत्र्य, आणि सर्वांना हवा असलेल्याला ते नाही! आपल्याकडे २००८ पासून चालणाऱ्या इंडियन प्रीमियर लीगच्या लिलावात माणसाची बोली लागते, तो प्रकारही काही आदर्श नव्हे. पण तेथे दोन मालकांच्या चढाओढीत निदान आकडा तरी वर जातो. अमेरिकेतील वाटणीत बोलीच नाही, कारण बोली टाळणे हाच तिचा हेतू आहे.

हा आरोप हवेतला नाही, वाटणीचा जन्मच तसा झाला. १९३५ साली फिलाडेल्फियाचा ‘ईगल्स’ संघ तळाशी होता आणि त्याचे मालक बर्ट बेल यांना चांगले खेळाडू मिळत नव्हते, कारण चांगले खेळाडू अधिक पैसे देणाऱ्याकडे जात. संघ सुधारण्याऐवजी बेल यांनी चढाओढच बंद करण्याची सूचना मांडली आणि मे १९३५ मध्ये सर्व मालकांनी ती मान्य केली. पहिली वाटणी फेब्रुवारी १९३६ मध्ये फिलाडेल्फियाच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात झाली. ८१ तरुणांची नावे घेतली गेली. पहिले नाव होते शिकागो विद्यापीठाच्या जे बरवँगरचे. त्याने व्यावसायिक फुटबॉल खेळण्याचे नाकारले आणि फोम रबर विकण्याचा धंदा पत्करला. मंदीच्या त्या काळात रबराचा व्यापार मैदानापेक्षा किफायतशीर ठरावा, यातच या व्यवस्थेत खेळाडूच्या श्रमाला काय भाव मिळत होता ते दिसून येते.

ही वाटणी प्रत्यक्षात काय करते हे पाहण्यासाठी एकच संघ घेऊ, वॉशिंग्टनचा. मूळ अमेरिकी जमातींना हिणवणारे ‘रेडस्किन्स’ हे नाव या संघाने जुलै २०२० पर्यंत मिरवले. २०२२ पासून तो ‘कमांडर्स’ म्हणवतो. त्याचे पहिले मालक जॉर्ज प्रेस्टन मार्शल हे बेल यांच्या सूचनेला होकार देणाऱ्यांपैकी एक. १९३४ पासून १९४५ पर्यंत लीगमध्ये एकही काळा खेळाडू नव्हता. १९४६ साली लॉस एंजेलिसच्या संघाने ती भिंत फोडली आणि एकेक करून सगळे संघ बदलले. मार्शल मात्र बदलले नाहीत. त्यांच्या सामन्यांचे प्रक्षेपण दक्षिणेकडील राज्यांत चाले, तेथील गोरा प्रेक्षक हे त्यांचे गिऱ्हाईक होते. वंशद्वेष आणि गल्ला यांची सांगड अशी घट्ट होती.

१९६१ साली वॉशिंग्टनमध्ये नवे क्रीडांगण उभे राहिले. जमीन संघराज्य सरकारची होती. केनेडी मंत्रिमंडळातील गृहभूमी खात्याचे मंत्री स्टुअर्ट युडाल यांनी मार्शल यांना बजावले की काळ्या खेळाडूंना संघात घ्या, नाहीतर क्रीडांगण वापरता येणार नाही. नाइलाज झाला, तेव्हा डिसेंबर १९६१ च्या वाटणीत मार्शल यांनी पहिल्या क्रमांकावर एर्नी डेव्हिसचे नाव घेतले. महाविद्यालयीन फुटबॉलचा सर्वोच्च सन्मान असलेली हाइझमन ट्रॉफी मिळवणारा तो पहिला काळा खेळाडू होता. पण त्याला संघात ठेवण्याची मार्शल यांची इच्छा नव्हती. त्याच्यावरील हक्क त्यांनी क्लीव्हलंडला देऊन टाकला व बदल्यात बॉबी मिचेल आणि आणखी एक खेळाडू घेतला. म्हणजे वॉशिंग्टनमधील वर्णभेदाची समाप्तीसुद्धा अदलाबदलीच्या व्यवहारानेच झाली. डेव्हिसला वा मिचेलला कोठे खेळावयाचे हे कोणी विचारले नाही. डेव्हिसला रक्ताचा कर्करोग झाला आणि एकही व्यावसायिक सामना न खेळता, मे १९६३ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी तो गेला. मार्शल यांनी मृत्युपत्राद्वारे जी धर्मादाय संस्था स्थापली, तिचा पैसा वांशिक एकत्रीकरणाच्या कोणत्याही कामी खर्च होऊ नये अशी अट घालून ठेवली होती!

याच सुमारास मालकांच्या एकजुटीला एक तडा गेला होता. १९६० साली ‘अमेरिकन फुटबॉल लीग’ ही प्रतिस्पर्धी लीग सुरू झाली. दोन्ही लीगा एकाच तरुणाचे नाव घेऊ लागल्या, आणि तरुणाला प्रथमच दोन दारे दिसली. १९६५ साली जो नेमथला न्यूयॉर्कच्या संघाने ४,२७,००० डॉलरचा करार दिला. त्या काळी हा आकडा डोळे पांढरे करणारा होता. मालकांचे डोळे खरोखरच पांढरे झाले. पुढच्याच वर्षी दोन्ही लीगांनी विलीनीकरण जाहीर केले, काँग्रेसने त्याला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट दिली आणि १९६७ पासून वाटणी पुन्हा एकच झाली. ‘खुल्या स्पर्धे’चे गोडवे गाणाऱ्या देशात स्पर्धा सात वर्षेच टिकली.

नव्या सामाईक वाटणीचे दुसरे वर्ष १९६८. वॉशिंग्टनने पहिल्या फेरीत बाराव्या क्रमांकावर जेम्स स्मिथ या खेळाडूचे नाव घेतले. ‘याझू’ या टोपणनावाने तो ओळखला जाई. हंगामाच्या अखेरच्या सामन्यात त्याच्या मानेला गंभीर दुखापत झाली आणि त्याची कारकीर्द एका वर्षातच आटोपली. स्मिथने १९७० मध्ये संघाला व लीगला न्यायालयात खेचले. त्याचे म्हणणे साधे होते. मला अनेक संघांशी बोलता आले असते तर मी अधिक मोबदला व दुखापतीच्या संरक्षणाची हमी मिळवली असती. एकाच मालकापुढे उभे करून माझे हात बांधले गेले. १९७६ मध्ये न्यायमूर्ती विल्यम ब्रायंट यांनी ही वाटणी मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग असल्याचा निर्णय दिला. १९७८ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने कारणमीमांसा बदलली, परंतु १९६८ च्या स्वरूपातील वाटणी बेकायदेशीर, हा निष्कर्ष कायम ठेवला.

मग ही बेकायदेशीर वाटणी आजही कशी चालते? याचे उत्तर कोणत्याही कामगार चळवळीला अस्वस्थ करणारे आहे. वरिष्ठ न्यायालयाचा निर्णय येण्यापूर्वीच, १९७७ साली, खेळाडूंच्या संघटनेने दुसऱ्या सवलतींच्या बदल्यात सामुदायिक करारात वाटणीला संमती दिली. संघटनेशी झालेल्या कराराला अमेरिकी कायद्यात मक्तेदारीविरोधी तरतुदींपासून संरक्षण मिळते. कामगारांच्या हितासाठी निर्माण झालेले ते संरक्षण मालकांनी आपल्या वाटणीवर पांघरले. संमती देणारे होते आधीपासून कामावर असलेले. किंमत मोजणार होते ते, जे त्या वेळी शाळेत जात होते आणि ज्यांना संघटनेत मताधिकार नव्हता. २००४ मध्ये ओहायोच्या मॉरिस क्लॅरेटने, शालेय शिक्षणानंतर तीन वर्षे झाल्याखेरीज वाटणीत प्रवेश नाही, या नियमाला आव्हान दिले. तेव्हाही अपील न्यायालयाने त्याला हेच ऐकवले की संघटना तुझ्यासारख्या भावी खेळाडूंच्या वतीनेही सौदा करू शकते.

संघटना लढली नाही असे नाही. १९८२ चा संप ५७ दिवस चालला. १९८७ च्या संपात मालकांनी बदली खेळाडू उतरवून तीन आठवडे सामने रेटले आणि संप मोडून काढला. तरीही न्यायालयीन लढ्यांनंतर १९९३ मध्ये खेळाडूंना मर्यादित का होईना, संघ बदलण्याचे स्वातंत्र्य मिळाले. पण ते आज चार हंगामांच्या सेवेनंतर सुरू होते, आणि संघटनेच्या हिशोबाप्रमाणे सरासरी कारकीर्द साडेतीन वर्षांचीही नसते. (लीगचा हिशोब अर्थातच याहून ऐसपैस आहे.) दार उघडेपर्यंत बहुतेकांचे गुडघे गेलेले असतात.

२०११ च्या टाळेबंदीनंतरच्या करारात नवख्यांच्या वेतनाची श्रेणी ठरवून टाकण्यात आली. तिचा अर्थ वॉशिंग्टनच्याच दोन करारांवरून कळतो. २०१० मध्ये चौथ्या क्रमांकावर निवडलेल्या ट्रेंट विल्यम्सचा करार सहा वर्षांसाठी ६ कोटी डॉलरपर्यंतचा होता. २०१२ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर, म्हणजे अधिक वरच्या मानाने निवडलेल्या रॉबर्ट ग्रिफिनला चार वर्षांचे २ कोटी ११ लाख मिळाले. वर्षाचा दर जवळजवळ निम्मा झाला. या बचतीतला काही वाटा ज्येष्ठ खेळाडूंकडे जाईल, असे सांगण्यात आले होते. बुजुर्गांचे वेतन नवख्यांच्या खिशातून वाढवावयाचे आणि मालकांच्या तिजोरीला हात लावावयाचा नाही, ही युक्ती आपल्याकडील गिरण्या-कारखान्यांतील कामगारांनाही अपरिचित नाही.

ग्रिफिनची कथा येथेच संपत नाही. त्याला मिळवण्यासाठी वॉशिंग्टनने सेंट लुईसला पहिल्या फेरीतील तीन आणि दुसऱ्या फेरीतील एक निवड देऊन टाकली होती. पहिल्याच हंगामात त्याने संघाला बाद फेरीपर्यंत नेले. जानेवारी २०१३ च्या त्या सामन्यात दुखावलेल्या गुडघ्याने तो खेळत राहिला आणि गुडघा कोलमडला. डिसेंबर २०१४ मध्ये दोन्ही संघ समोरासमोर आले, तेव्हा त्या व्यवहारातून मिळवलेले खेळाडू सेंट लुईसने नाणेफेकीसाठी रांगेने पाठवले. प्रेक्षकांना हा टोमणा फार आवडला. माणसांच्या अदलाबदलीची पावती माणसांनाच उभे करून दाखवली गेली, हे कोणाला खटकल्याचे दिसले नाही. पुढे २०१५ चा संपूर्ण हंगाम ग्रिफिनला एकाही सामन्यात उतरवले नाही. त्या वर्षी तो जायबंदी झाला असता तर पुढील वर्षाचे १ कोटी ६० लाखांहून अधिक डॉलर संघाला द्यावे लागले असते. मार्च २०१६ मध्ये त्याला काढून टाकण्यात आले.

येथे एक आक्षेप ठरलेला असतो. कोट्यधीशांसाठी कामगारांनी अश्रू ढाळावेत काय? २०२४ मध्ये वॉशिंग्टनने दुसऱ्या क्रमांकावर निवडलेल्या जेडन डॅनियल्सला चार वर्षांचे सुमारे ३ कोटी ७७ लाख डॉलर मिळतात, त्याची कसली दया? दयेचा प्रश्नच नाही. पहिल्या फेरीतील दोनचार नावे सोडली तर खालच्या फेऱ्यांतील बहुसंख्यांच्या वेतनाची पूर्ण हमी नसते. उन्हाळी सरावातच अनेकांची हकालपट्टी होते. आणि ज्यांना कोटी मिळतात त्यांच्या श्रमातून मालकाला काय मिळते? डॅनियल स्नायडर यांनी हा संघ १९९९ साली ८० कोटी डॉलरला घेतला आणि २०२३ साली ६०५ कोटींना विकला. त्या चोवीस वर्षांत त्यांनी एकही चेंडू फेकला नाही, कोणाच्या अंगावर आदळले नाहीत.

या पद्धतीला गुलामांचा बाजार म्हणण्याची प्रथा पडली आहे. २०१६ मध्ये वर्णद्वेषी पोलिसी अत्याचारांच्या निषेधार्थ गुडघा टेकणाऱ्या आणि पुढच्या वर्षापासून कोणत्याही संघाने काम न दिलेल्या कॉलिन कॅपर्निकनेही २०२१ मध्ये तसे चित्र पडद्यावर दाखवले. वाटणीपूर्वी इंडियानापोलिस येथे तरुणांची उंची, वजन, हाताच्या पंजाची लांबी मोजली जाते ते पाहता संताप समजण्यासारखा आहे. तरीही ही तुलना नेमकी नाही. गुलामाला घर नाकारण्याचा हक्क नव्हता. बरवँगरला रबर विकता आले. येथे आहे ती वेतनी श्रमाचीच व्यवस्था, फक्त विकत घेणारे सारे एका टेबलाभोवती बसून भाव ठरवणारे. कापसाच्या वा साखरेच्या व्यापाऱ्यांनी असे केले तर त्याला संगनमत म्हणतात आणि सरकार खटला भरते.

२०२७ ची वाटणी वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर, संसदभवनाच्या साक्षीने भरवण्याची घोषणा मे २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या उपस्थितीत झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वॉशिंग्टनच्या नगर परिषदेने या संघासाठी नवे क्रीडांगण मंजूर केले. त्यात सुमारे १०० कोटी डॉलर जनतेच्या तिजोरीतून जाणार आहेत. जागा तीच, जिच्या बळावर १९६१ साली युडाल यांनी मार्शल यांना नमवले होते. या वेळी मालकांपुढे कोणतीही अट ठेवण्यात आलेली नाही की खेळाडूला आपला संघ निवडू द्या.