विषयाचा एकच रकाना

गणिताच्या साह्याने जीवशास्त्रात डॉक्टरेट करू इच्छिणारा विद्यार्थी शिष्यवृत्तीसाठी देवस्थानाच्या पायरीशी आला, की आमची वडीलधारी मंडळी विचारतात, 'तू नक्की कोण? गणिती की जीवशास्त्रज्ञ?' हा प्रश्न चिकित्सेतून नव्हे, केवळ सवयीतून येतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आमच्या देवळांतील एकादशी आणि संकष्टी पंचांगावर चालतात. चंद्रसूर्यांतील अंतर बारा अंशांनी वाढले की एक तिथी पुरी होते. यात गणित कोठे संपले आणि निसर्ग कोठे सुरू झाला? भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'सिद्धान्तशिरोमणी'त लीलावती, बीजगणित, ग्रहगणित व गोलाध्याय एकत्र नांदतात. पूर्वजांना जे साधले, त्याचे आम्हांस वावडे का असावे?

गोव्यात १९०७ साली जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी गणिती होते. त्यांचे धर्मविषयक विचार आमच्यापैकी पुष्कळांना मानवणारे नाहीत. तथापि गुणसूत्रावरील जनुकांमधले अंतर काढण्याचे त्यांचे सूत्र आनुवंशशास्त्रज्ञ आजही वापरतात. 'त्यांच्यापाशी डॉक्टरेट कोठे होती?' असा आक्षेप येईल. नव्हती, हे खरे. पण कोसंबी घरोघर जन्मत नाहीत. इतरांना दोन्ही शास्त्रांचे मार्गदर्शक हवेत, आणि तेवढी वर्षे पोटाची सोयही हवी.

म्हणून महाजनांना आमची विनंती आहे, की अर्जातील 'विषय' या रकान्यात दोन शब्द मावू द्यावेत. सभामंडपाची फरशी पुढील वर्षीही बसविता येईल. विद्यार्थ्याचे वय तोवर थांबणार नाही.