लेबलवर जडीबूटी, आत स्टेरॉइड

आमच्या इंदुरातल्या मराठी घरांत काढे-चूर्णांची एक फळी असतेच. माझं भांडण तिच्याशी नाही, खोट्या लेबलशी आहे. मावशीच्या सांधेदुखीच्या ‘शुद्ध वनस्पतीजन्य’ पुडीत स्टेरॉइड निघालं. तोवर तिची साखर भडकली होती.

मधुमेह, मोतीबिंदू, कॅन्सर बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण कारवाई म्हणजे काय, तर दुकानातली दोन खोकी उचलायची नि फोटो काढायचा! अहो, कारखान्यावर जा, नमुने तपासा, अहवाल चौकात लावा.

‘आयुर्वेदाची बदनामी होते’ म्हणे. बदनामी करतंय कोण? तक्रार करणारे आम्ही, की आजीच्या काढ्याच्या नावावर स्टेरॉइड विकणारे?