खोंड आपण शिकवितो, पोराला मात्र नुसती किल्ली देतो



वार्षिक सर्वसाधारण सभा जवळ आली की आपल्यात चर्चा सुरू होते ती उसाच्या दराची, तोडीच्या पाळीची, वजनकाट्याची आणि उताऱ्याची. ती व्हावीच. आपण उसावर जगणारी माणसे आहोत. परंतु यंदा सभेपुढे आणखी एक विषय यावा असे मला मनापासून वाटते. तो विषय आहे मोटारसायकलचा. हसू नका! "मोटारसायकलचा आन् कारखान्याचा काय संबंध?" असे कुणी विचारील. संबंध आहे, आणि चांगला जवळचा आहे.

आज आपल्या कार्यक्षेत्रात मोटारसायकल नाही असे घर शोधावे लागेल. गट ऑफिसला उसाची नोंद द्यायची, डेअरीला दूध घालायचे, रात्री लाईट आली की मोटर चालू करायला मळ्यात जायचे, पोराला शाळेत सोडायचे, हे सारे तिच्यावरच चालते. कारखान्याच्या शेतकी खात्याची माणसे तर दिवसभर तिच्यावरच असतात. घरच्या दावणीचा नवा बैल म्हणजे ही मोटारसायकल!

बैलाचे नाव निघालेच आहे म्हणून विचारतो. आपण खोंड कामाला कसा धरीत आलो? आधी मानेवर नुसते जू ठेवायचे. मग जुन्या, शहाण्या बैलाच्या जोडीला जुंपायचा. रिकाम्या रानात फिरवायचा, मग मोकळी गाडी, मग थोडा भार. रस्त्याची, माणसांची, ट्रकच्या हॉर्नची सवय झाल्याशिवाय कोणी शहाणा माणूस भरल्या गाडीला खोंड जुंपीत नाही. आणि पोराच्या बाबतीत आपण काय करतो? एका संध्याकाळी चुलतभाऊ त्याला क्लच आणि गियर दाखवितो. दुसऱ्या दिवशी तो मागे दुधाचे दोन कॅन बांधून डांबरी रस्त्यावर! खोंडाला महिने आणि पोटच्या पोराला एक संध्याकाळ, हा कुठला हिशेब?

आकडे पाहा. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्ता-अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी शंभरातली सुमारे ४४ दुचाकीवरची होती. एकट्या महाराष्ट्रात त्या वर्षी १५,२२४ माणसे गेली, म्हणजे दररोज एकेचाळीस-बेचाळीस. हेल्मेट नसलेल्यांपैकी ५०,०२९ जण त्या एका वर्षात प्राणास मुकले, आणि त्यांत १४,३३७ जण मागे बसलेले होते. मागे कोण बसते हे मी सांगायला नको. कुणाची कारभारीण, कुणाची आई, कुणाची लेक.

ब्रेक लावतो कोण, आणि कसा?

ज्याला त्याला वाटते, गाडी चालविता आली म्हणजे सगळे आले. गाडी चालविणे सोपेच आहे. अवघड आहे ते ती वेळेवर थांबविणे. आपल्याकडे पक्का समज आहे की पुढचा ब्रेक दाबला की गाडी उलटते, म्हणून पोरे फक्त पायाचा ब्रेक वापरतात. वास्तविक ब्रेक लागताच सगळा भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचे चाक हलके होते. हलके झालेले चाक किती धरणार? ते नुसते घसरते. गाडी लवकर थांबते ती दोन्ही ब्रेक एकदम लावून, पुढचा हिसका न देता हळूहळू घट्ट करीत गेल्याने. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी.पर्यंतच्या नव्या गाड्यांना दोन्ही चाकांचा जोडब्रेक किंवा एबीएस, आणि त्यावरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले. पण आपल्या घरोघरी त्याआधीच्या जुन्या गाड्या अजून चालू आहेत. आणि ब्रेक कसलाही असो, वाळूवर, चिखलावर आणि वळणावर अक्कल आपलीच लागते.

आता रात्रीचा हिशेब मांडू. ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर जाते. समोर काही दिसले, मेंदूला कळले, हात ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद तरी जातो. तेवढ्यात २५ मीटर सरले. कोरड्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट लागले तरी आणखी २२-२३ मीटर. म्हणजे जवळजवळ ५० मीटर झाले. नुसता पायाचा ब्रेक असेल तर साठच्या वर जाते. समोरून येणाऱ्या गाडीच्या उजेडाने डोळे दिपलेले असताना आपल्या दिव्यात, खालच्या फोकसवर, ५० मीटरवरची काळी ट्रॉली दिसते का? तुमचे तुम्हीच ठरवा. तोच वेग ४० वर आणला की गाडी २७-२८ मीटरांत थांबते. "हळू चालव" हे आईचे बोलणे म्हणजे नुसती माया नव्हे, बिनचूक गणित आहे ते.

ही काही आपल्याच मुलखाची गोष्ट नव्हे. अमेरिकेत लॉस एंजलिस भागात प्राध्यापक हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारसायकलच्या सुमारे ९०० अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली. त्यांचा अहवाल १९८१ साली प्रसिद्ध झाला. अपघातात सापडलेल्या शंभरातल्या ९२ जणांनी कुठे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. ते स्वतःच शिकलेले, नाही तर घरच्यांकडून, मित्राकडून शिकलेले. बरेच जण ऐन वेळी मागचा ब्रेक करकचून लावीत आणि पुढचा हवा तसा वापरीत नसत. मुलूख वेगळा, भाषा वेगळी, पण चूक तीच!

आपल्या घरातला दोष

पोरांना दोन शब्द सांगायचे तर आधी आपल्या घरात डोकावले पाहिजे. रात्री आपल्या रस्त्यांवर काळी ट्रॉली उभी असते ती कुणाची? आपल्याच उसाची. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे लोंबणारा ऊस, त्याखाली झाकलेला दिवा (असला तर), आणि ड्रायव्हरच्या कानाशी मोठ्या आवाजात लावलेली गाणी. मागून हॉर्न वाजविणाऱ्याचा आवाज त्याच्यापर्यंत कसा पोचावा? एक्सल तुटला, टायर बसला की ट्रॉली तिथेच रस्त्यात. चाकाला लावलेले दगड दुरुस्तीनंतर तिथेच टाकून गाडी पुढे जाते, आणि पहाटे डेअरीला निघालेला पोरगा त्या दगडावर जातो. शेतातून निघालेला टायरांचा चिखल, सांडलेला ऊस, ट्रॉलीमागे धावून ऊस ओढणारी मुले, हे सगळे आपणच रस्त्यावर मांडून ठेवलेले आहे.

दर हंगामाच्या तोंडाशी परिवहन खाते, पोलीस आणि कारखाने मिळून वाहनांना रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम घेतात. ती चांगलीच आहे. पण धूळ-चिखलाने रिफ्लेक्टर आठ दिवसांत माखतो आणि मग त्याला कोणी फडके मारीत नाही. माझी सूचना साधी आहे. गव्हाणीत ऊस खाली करून निघणाऱ्या प्रत्येक वाहनाचा मागचा रिफ्लेक्टर यार्डाच्या फाटकावर पुसला जावा. ज्याला दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, त्याला पुढची खेप नाही. आणि दगडाचा नियम एकच: ज्याने लावला, त्यानेच उचलायचा.

सक्तीने होईल का?

कायदा आहेच. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीपासून विनाहेल्मेट स्वाराला एक हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन निलंबित, अशी तरतूद आहे. पण नुसत्या दंडाने काय होते ते पुण्यात दिसले. १ जानेवारी २०१९ पासून तिथे हेल्मेटची कारवाई कडक झाली आणि तिच्या विरोधात शिकली-सवरलेली माणसे रस्त्यावर उतरली! पोलीस दिसला की डोक्यावर आणि चौक सरला की हँडलला, अशी हेल्मेटची रीत झाली तर ते डोके कसे वाचविणार?

आपण सहकारातली माणसे दुसरा रस्ता ओळखतो. माती परीक्षण, रुंद सरी, ठिबक या गोष्टी आपण दंडाच्या भीतीने स्वीकारल्या का? नाही. शेजारच्याच्या प्लॉटवर उसाची जाडी पाहिली, शेतकी खात्याचा माणूस दहा वेळा बांधावर आला, तेव्हा कुठे पटले. १९७५ साली स्थापन झालेली आणि आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाणारी संस्था मांजरीला 'ऊस शेती ज्ञानयाग' घेते, महिलांसाठी 'ज्ञानलक्ष्मी' घेते. उसासाठी शिबिर चालते, मग उसवाल्याच्या जिवासाठी का नको?

आपले यार्ड रिकामे आहे

पट्टा पडला की आपले केन यार्ड हंगामापर्यंत मोकळे असते. सपाट, ऐसपैस, फाटक असलेले. गाडी शिकायला एवढी चांगली जागा तालुक्यात दुसरी कुठली? तेव्हा मोळी टाकण्यापूर्वी तिथे गटवार, दोन-दोन सकाळी आणि एक संध्याकाळ असे शिबिर घ्यावे. पहिली तुकडी शेतकी खात्याची आणि चिटबॉयांची. कारण पुढे गावोगाव तेच जाणार. दुसरी सभासदांच्या मुला-मुलींची, तिसरी महिलांची. शिकवायला ड्रायव्हिंग स्कूलचे जाणकार आणि परिवहन खात्याचे, वाहतूक पोलिसांचे अधिकारी बोलवावेत.

पहिल्या सकाळी फक्त ब्रेक. ताशी २०, ३०, मग ४० वरून गाडी किती फुटांत थांबते ते चुन्याच्या रेघेवर प्रत्येकाने स्वतः पाहावे. दुसऱ्या सकाळी भार: मागे माणूस बसवून, दुधाचे कॅन पाण्याने भरून, वाड्याचा भारा बांधून तीच परीक्षा. मळ्याच्या वाटेने मुख्य रस्त्याला लागताना थांबून, मान वळवून पाहण्याचा सरावही त्याच दिवशी. आणि संध्याकाळी अंधार पडल्यावर यार्डात दोन भरल्या ट्रॉल्या उभ्या कराव्यात, एक बिनारिफ्लेक्टरची, एक पुसलेल्या रिफ्लेक्टरची. गाडीच्या दिव्यात कोणती किती पावलांवरून दिसते ते पोरांनी आणि ट्रॅक्टर ड्रायव्हरांनी एकत्र उभे राहून पाहावे. दहा भाषणांचे काम ती एक संध्याकाळ करील.

येथे एक गोष्ट लपवून ठेवणे बरे नव्हे. २०१० साली जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेतला गेला, तेव्हा प्रशिक्षणाने अपघात नक्की किती घटतात हे छातीठोकपणे सांगता येईल असा पुरावा मिळाला नाही. अभ्यासच पुरेसे चांगले नव्हते. म्हणून शिबिर म्हणजे कसरती शिकविण्याचा आखाडा होता कामा नये. "आता मला सगळं येतंय" ही घमेंड घेऊन पोरगा घरी गेला तर शिबिर नसलेले बरे. आपली मर्यादा कळणे, हेच खरे शिक्षण. आणि त्याला जोड हवी हेल्मेटची.

हेल्मेटबद्दल मात्र पुरावा भक्कम आहे. अनेक देशांतल्या अभ्यासांवरून २००८ साली काढलेला निष्कर्ष असा की, हेल्मेटमुळे अपघातात मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो. मात्र ते आय.एस.आय. खुणेचे हवे आणि हनुवटीखालचा पट्टा आवळलेला हवा. १ जून २०२१ पासून त्या खुणेशिवाय दुचाकीचे हेल्मेट विकणे बेकायदा आहे, तरी रस्त्याकडेला टोपल्या मिळतातच. "उकडतंय" म्हणाल, तर फडात डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीवर चढणाऱ्या तोडकऱ्याला विचारा उकाडा कशाला म्हणतात! कारखान्याने खरेदी करून ना नफा ना तोटा दराने घरटी दोन हेल्मेटे द्यावीत. ज्यांना हवे त्यांनी पैसे ऊस बिलातून वळते करावेत. कपात म्हटले की आपल्या पोटात गोळा येतो हे मला ठाऊक आहे. पण इतक्या कपाती झाल्या, ही एक तरी आपल्याच डोक्यावर राहील.

शेवटी घरच्या कारभाऱ्यांना एक सांगणे. १८ वर्षे पुरी झाल्याशिवाय गियरच्या गाडीचे लायसन मिळत नाही. त्याआधी किल्ली दिली आणि काही घडले तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, असे कायद्यात २०१९ पासून आहे. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमाही वैध लायसन असेल तरच कामाला येतो. आणि रस्त्यात कोणी पडलेला दिसला तर "पोलिसांची झंझट नको" म्हणून पुढे जाऊ नका. १०८ ला फोन करा. मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यातच संरक्षण दिलेले आहे.

संचालक मंडळाने हा विषय सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा आणि यंदाच शिबिराची तारीख जाहीर करावी, अशी नम्र विनंती आहे. बॉयलर पेटण्याआधी आपण प्रत्येक व्हॉल्व्ह तपासून घेतो, कारण एक चूक साऱ्या हंगामाला भोवते. ऊस तर यंदा तुटला तरी पुढल्या वर्षी खोडवा फुटतो. माणसाला खोडवा नसतो.

— एक सभासद