कुत्र्याची छत्री आणि माझी घाई

एप्रिलमध्ये लेकीकडे न्यूझीलंडला होते. तिकडे तेव्हा थंडीची चाहूल असते. रोटोइटी तलावाकाठच्या रानात गेलो. झाडं बीचची. समुद्रकिनाऱ्याशी संबंध नाही बरं का!

पाचोळ्यात एक लालभडक भूछत्र होतं. नातू म्हणाला, "आजी, हे गोष्टीतलं विषारी?"

"छे रे, त्याला पांढरे ठिपके असतात," मी ठोकून दिलं. त्यानं तुकडा मोडून तोंडाजवळ नेला आणि लेक ओरडली.

ते तेच होतं, फ्लाय अ‍ॅगारिक. ठिपके पावसानं धुऊन जातात. मग छत्रीखालच्या पांढऱ्या पट्ट्या, देठाचं कडं, बुडाशी फुगीर गड्डा हे सगळं बघायचं. टोपी गडद कागदावर रात्रभर ठेवली की बीजाणूंची पांढरी भुकटी पडते. मूळचं ते तिथलं नव्हेच. परदेशी झाडांबरोबर आलं आणि आता बीचच्या मुळांशी घरोबा करून बसलंय.

एक खूण संशय घ्यायला पुरते, निर्धास्त व्हायला नाही. वर्गात मी अशी उत्तरं कितीदा दिली असतील! माझं मत विचाराल तर "माहीत नाही, बघूया" हे वाक्य प्रत्येक शिक्षकाला यायला हवं. मला ते सत्तरीनंतर आलं, तेही नातवामुळे.