पिल्लू झोपलंय की पेंगतंय?



थंडीत पिल्लं आणली की दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू होतात. "दादा, पिल्लं लई झोपतायत, काय पाजू?" माझं म्हणणं असं की हा प्रश्नच उलटा आहे. आधी काय बघायचं ते विचारा, पाजायचं मागाहून. दुकानातून बाटली आणायला दहा मिनिटं लागतात, पिल्लांपाशी उकिडवं बसून बघायलाही तेवढीच लागतात. पण दुसरं काम कुणी करत नाही.

दोन-तीन दिवसांचं पिल्लू झोपणारच हो. एकवीस दिवस अंड्यात, मग कवच फोडायची कसरत, मग खोक्यात बसून गाडीचा प्रवास. पोटात बलकाचा साठा असतो, त्यावर दोन दिवस ते तग धरतं. उतरल्यावर थोडं खातं, पाणी पितं आणि जिथं आहे तिथं आडवं होतं. तंगडी मागं ताणून, मान लांब करून, चोच तुसात टेकवून. नव्या माणसाला वाटतं मेलंच. खुडूक कोंबडीखालची पिल्लंही एवढीच झोपतात, फक्त ती तिच्या पंखाखाली असतात म्हणून दिसत नाहीत. आपल्या आज्या त्याला घाबरल्या नाहीत, कारण त्यांच्यापुढं पिल्लू यायचं ते चरायलाच. आपण बल्ब लावून शंभर पिल्लं उघड्यावर झोपवली आणि झोप दिसायला लागली.

आता झोपणं वेगळं आणि पेंगणं वेगळं. झोपलेलं पिल्लू अंग सैल सोडून पडतं. चोच बंद, श्वास संथ, शेजारी आणखी चार-पाच तशीच. पेंगणारं पिल्लू बहुतेक उभं असतं नाहीतर कुबड काढून बसतं. पंख गाळलेले, पिसं फुगवलेली, डोळे मिटतायत आणि उघडतायत, आणि ते घोळक्यापासून बाजूला. एखादं सारखं एका सुरात केकाटतं, तेही बरं लक्षण नाही.

शंका असेल तर खाद्याच्या भांड्यावर बोटानं टिचकी मारा. चांगलं पिल्लू लगेच मान वर करतं, अंग ताणतं आणि दोन उड्यांत भांड्यापाशी येतं. दुखणाईत पिल्लू डोळा उघडतं आणि परत मिटतं. हातात घेतलं तर पाय झाडत नाही. म्हणून मी म्हणतो, झोप बघू नका, उठणं बघा. किती वेळ झोपलं यावरून काही कळत नाही.

दुसरी तपासणी गळ्याखाली. मानेच्या मुळाशी खाद्याची पिशवी असते, ती अलगद चाचपा. पिल्लं आणल्यापासून चोवीस तासांत जवळजवळ सगळ्यांची भरलेली लागली पाहिजे, मऊ, भिजवलेल्या पिठासारखी. कडक गोळी लागली तर खाल्लंय पण पाणी मिळालेलं नाही. नुसता पाण्याचा फुगा लागला तर खाद्य सापडलेलं नाही. रिकामी लागली तर पिल्लू दमलंय, गारठलंय किंवा आजारी आहे. दहा-वीस पिल्लं चाचपायला किती वेळ लागतो? आणि हे करताना त्यांचे पाय आपल्या गालाला लावून बघा. पाय गार लागले तर दुखणं पिल्लात नाही, तुमच्या बल्बात आहे.

बल्बाचं जरा सविस्तर सांगतो, कारण निम्म्या "आजाराचं" मूळ तिथंच असतं. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पातळीवर ९५ अंश फॅरनहाइटच्या आसपास ऊब लागते, पुढं दर आठवड्याला पाचेक अंश कमी. पूर्वी पिवळा बल्ब लावला की भागायचं. आता दुकानात सगळीकडं एलईडी. त्यानं लख्ख उजेड पडतो, ऊब काहीच नाही, आणि माणूस म्हणतो "लाईट तर चालू आहे". त्यात रात्री लाईट गेली की पिल्लं एकावर एक ढीग करतात आणि खालची गुदमरतात. सकाळी चपटी झालेली सापडतात ती रोगानं मेलेली नसतात. थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात. बल्बाखाली गर्दी म्हणजे थंडी. कडेला पळून, चोच उघडी ठेवून, पंख अंगापासून लांब धरून पडलीत म्हणजे उष्णता जास्त. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे मध्ये ही दुसरी गत दुपारी होते, आणि तीही लांबून झोपेसारखीच दिसते. सगळीकडं विखरून निवांत पडलीत तर त्यांना झोपू द्या.

लाईटीचा भरवसा नाही म्हणून कोळशाची शेगडी ठेवतात आणि चारी बाजूंनी ताडपत्री घट्ट बांधतात. हे फार धोक्याचं. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही. पिल्लं सगळीच्या सगळी एकदम सुस्त पडतात. यावर कुठलंही औषध नाही, ताडपत्री वरून वीतभर उघडी हवी. आणि पिल्लांची राखण करायला कुणी त्याच खोलीत झोपत असेल तर आजच थांबवा, तो गॅस माणूस ओळखत नाही.

हे सगळं ठीक असून पिल्लं पेंगतायत, तर मग आजार. पण कोणता? पहिल्या आठवड्यात बेंबी ओली, पोट फुगलेलं, वास येतो, तर बेंबीचा दाह. शेपटीखाली पांढरी विष्ठा चिकटून बसली असेल तर कोमट पाण्यानं पुसून घ्या. एखाद-दुसऱ्याला असेल तर गारठ्यानंही होतं, बऱ्याच जणांना असेल तर पांढऱ्या हगवणीचा संशय. तूस बुरशीचं असेल तर पिल्लं चोच उघडून धापा टाकतात. तिसऱ्या आठवड्याच्या पुढं, तूस ओलं राहिलं की रक्ती हगवण. त्याच सुमारास गंबोरोही येतो. आणि पाचव्या-सातव्या दिवशी लासोटाची लस दिल्यावर एखादा दिवस पिल्लं मलूल राहतात, पण खातात. ती लस लागू पडतेय, आजार नाही.

बघा, पेंगणं एकच आणि कारणं किती. गंबोरो विषाणूचा, त्याला अँटिबायोटिक लागू नाही. रक्ती हगवणीचं औषध वेगळं. बुरशीवर तूस बदलण्याशिवाय इलाज नाही. तरीही पिल्लांबरोबर जो छापील कागद मिळतो त्यावर बऱ्याचदा लिहिलेलं असतं: पहिले पाच दिवस पाण्यातून अँटिबायोटिक. कुणाला, कशासाठी, काही नाही. या ओळीला माझा विरोध आहे, आणि वाचणाऱ्यांत कृषी पदवीधर आणि दुकानदार मित्रही आहेत म्हणून मुद्दाम लिहितोय.

"दिलं तर बिघडलं काय?" असं विचारतात. बिघडतं ना. पाण्यातलं औषध पाणी पिणाऱ्यालाच मिळतं. जे पिल्लू खरंच आजारी आहे ते भांड्यापर्यंत जातच नाही. म्हणजे डोस गेला ९५ निरोगी पिल्लांना आणि ज्या पाचांना हवा होता ती कोरडीच. दुसरं, विनाकारण दिलेल्या औषधाला जंतू सरावतात, आणि खरी वेळ येते तेव्हा तेच औषध लागू पडत नाही, कोंबडीलाही आणि माणसालाही. कोलिस्टीन हे माणसाच्या दवाखान्यातलं शेवटचं हत्यार. ते कोंबड्यांना सर्रास पाजलं जायचं, म्हणून केंद्र सरकारनं २०१९ साली जनावरांसाठी आणि कोंबड्यांसाठी त्यावर बंदी घातली. डॉक्टरांनी तपासून दिलेल्या औषधाला माझं काही म्हणणं नाही. द्या, आणि पूर्ण कोर्स द्या.

मग डॉक्टरांकडं कधी जायचं? चांगल्या ठेवलेल्या शंभरांतही पहिल्या आठवड्यात एक-दोन जातात, त्यानं हबकू नका. आकडा वाढतोय का ते बघा. भिंतीवर खडूनं रोज लिहा: मेली किती, पेंगणारी किती. काल एक, आज तीन, तर वाट बघू नका. पेंगणारी वेगळ्या खोक्यात उबेला ठेवा, चोच पाण्यात बुडवून पाणी पाजा. एकदम झपाट्यानं मरायला लागली तर पिल्लं विकू नका, हलवू नका, हात लावू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा आणि ते येईपर्यंत थांबा. नवापूरला २००६ साली बर्ड फ्लूनं काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे.

साधी मर असेल तर ताजं मेलेलं पिल्लू उकिरड्यावर टाकू नका. दुहेरी प्लॅस्टिक पिशवीत घालून, बर्फावर ठेवून त्याच दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात न्या आणि शवविच्छेदन करायला सांगा. गरज पडली तर तिथून नमुना पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडं जातो. फ्रीजरमध्ये गोठवू नका, गोठलेल्या पिल्लातून नीट काही कळत नाही. सोबत चिठ्ठीवर लिहून न्या: वय किती दिवस, लस कोणती आणि कधी, खाद्य कोणतं, आणि आतापर्यंत काय-काय पाजलं ते खरं-खरं.